नऊ वाजले की फोटो पुसट येतात: दोष कॅमेऱ्याचा की माझा?

मागवाला, वडगाव

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बरेच दिवस, लिहायलोय पहिल्यांदाच.

मी बेळगावात वडगावला राहतो. आमचे साडीचे चार पॉवरलूम, त्यातले दोन सध्या चालू आहेत. पुतण्या पुण्याला नोकरीला लागला आणि जाताना कॅमेरा माझ्या गळ्यात घालून गेला. कॅनन १५००डी, त्याला ५५-२५० मिलिमीटरची लेन्स. "काका, कपाटात पडून राहिला तर आपल्या पावसात लेन्सला बुरशी धरेल, तेवढा वापरत जावा." श्रावणात सुरुवात केली, आता आश्विन संपत आला तरी हातातनं सुटेना.

घराची मांडणी सांगतो, कारण प्रश्न त्यातच अडकलाय. पुढं रस्त्याला घर, त्याच्या मागं मागाची शेड, वर पत्रे. शेडच्या मागं पूर्वेला परडं. परड्यात एक पेरू, सीताफळ, जास्वंदीच्या दोन जाळ्या, कोपऱ्यात जुनी न्हाणी. कुंपणापलीकडं भाताचं शिवार, पार बळ्ळारी नाल्यापर्यंत. मी घराच्या गच्चीवर उभा राहून शेडच्या पत्र्यावरनं परड्यातल्या पक्ष्यांचे फोटो काढतो. अंतर चाळीस फूट असेल.

सकाळी सातला काढलेले फोटो त्यातल्या त्यात बरे येतात. नऊनंतर काढलेला एकही धड नाही. पीस न् पीस वेगळं दिसायला पाहिजे, तिथं पाण्याखाली बघितल्यासारखं दिसतं. स्टँड लावून बघितला, शटर १/१००० सेकंदावर ठेवून बघितलं, लेन्स पुसली. दुकानात दाखवलं तर तो म्हणाला लेन्स आतनं हललीय, दुरुस्तीला टाका. खर्च ऐकून गप घरी आलो.

दुसरं. जास्वंदीवर एक शिंजीर येतो, त्याचं ध्यान बघून जीव हळहळतो. अंग पिवळट, खरं गळ्यापासनं पोटापर्यंत मधोमध काळा पट्टा, जणू कुणी डांबराचा ब्रश ओढलाय. आजारी आहे काय? बुलबुलाची पण शेंडी झडलीय, एका शिंप्याला तर शेपूटच नाही. परड्यात कसली साथ आली की काय असं वाटायलंय.

तिसरं जरा गमतीचं. आमच्याकडं कांड्या भरायला एक आजी येतात, त्या कन्नड. परवा म्हणाल्या, "मडिवाळ बंदैति नोड्रि," म्हणजे मडिवाळ आलाय बघा. मडिवाळ म्हणजे परीट, म्हणून मी शेपूट हलवणारा धोबी आला समजून कॅमेरा घेऊन धावलो. बघतो तर न्हाणीवर दयाळ! आजी म्हणाल्या हाच मडिवाळ. आता परीट कुणाला म्हणायचं तेवढं सांगा.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची आहे. मागाच्या खडखडाटाला इथले पक्षी अजिबात दचकत नाहीत. करंट जाऊन माग थांबले की मात्र सगळे भुर्र.


टिळकवाडी ६००

काका, २५० मध्ये पक्षी होत नाहीत. १५०-६०० ची लेन्स घ्या, सेकंडहँड मिळते. बाकी सगळं आपोआप होतंय.


खानापूरची अक्का

मागवाले भाऊ, लेन्स दुरुस्तीला टाकू नका आणि ६०० पण घेऊ नका. आधी तुमचा पत्रा बघा.

सकाळी सातला पत्र्यावर दव असतं, तो गार असतो. आता ऑक्टोबरचं ऊन, नऊ वाजेपर्यंत पत्रा तापतो. त्याच्यावरची हवा तापून वर उठते, गार हवेत मिसळते, आणि त्या थरथरत्या हवेतनं तुम्ही चाळीस फूट आरपार बघताय. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी असल्यासारखं लवलवतं ना, त्यातलाच प्रकार. डोळ्याला कळत नाही, लेन्सला कळतं. लेन्स जितकी मोठी तितकं ते जास्त दिसतं, म्हणून ६०० घेऊन तुमचा त्रास वाढेल.

खात्री करायची असेल तर एक करा. परड्यातली न हलणारी वस्तू धरा, न्हाणीच्या दाराचं कुलूप म्हणा. स्टँडवरनं सकाळी सातला दहा फोटो, तेच अकराला दहा. अकराच्या दहातला प्रत्येक वेगळा बिघडलेला दिसला, एकात कुलपाची कडा इकडं वाकलेली, दुसऱ्यात तिकडं, तर दोष हवेचा. लेन्स हलली असती तर सातचे फोटोही तसेच आले असते. मग दुकानदाराला काय ते सांगा.

खरा घोटाळा मात्र वेगळाच आहे. तुम्ही पश्चिमेकडनं पूर्वेला बघताय, म्हणजे सकाळभर सूर्य तुमच्या तोंडावर. पक्ष्याची काळी बाजू तुमच्याकडं. खाली उतरा. परड्याच्या पूर्व टोकाला जाऊन शेडकडं तोंड करून बसा, ऊन पाठीवर घ्या. साडेसहाच्या आत-बाहेर उजाडतं, धुकं नसेल तर सात ते साडेआठ हा तुमचा वेळ. शरदातलं ते तिरपं ऊन पक्ष्याच्या डोळ्यात ठिपका उमटवतं. तो ठिपका नसला की बाकी कितीही चांगलं असू दे, पेंढा भरलेला पक्षी वाटतो.

आणि अंतर. चाळीस फुटांवरचा शिंजीर तुमच्या लेन्समध्ये चौकटीच्या रुंदीचा दहावा हिस्सा भरतो. बारा फुटांवर तोच तिसरा हिस्सा भरेल. ६०० चे पैसे वाचले की नाही?

बारा फुटांवर तो येणार कसा, तर पाण्याला. मातीची पसरट परात, पाणी दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला, नाहीतर पक्ष्यांच्या आधी डासच येतील. परातीपासनं दोन हातांवर एक वाळकी फांदी रोवा. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी फांदीवर बसून चारी बाजू बघतो. फोटो त्या फांदीवरचा काढायचा. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ ठिपके आहेत, त्यातला मधला तेवढा ठेवा, तो सगळ्यात भरवशाचा. तो डोळ्यावर धरायचा.

साथ वगैरे काही नाही. पावसाळ्यात पिल्लं काढून झाली, आता पीस बदलायचे दिवस. बुलबुल टकला होतो, शिंप्याची शेपूट जाते, महिन्याभरात सगळं परत येतं. तुमचा पट्टेवाला म्हणजे जांभळा शिंजीर, नर. विणीचा हंगाम संपला की त्याचा जांभळा सदरा उतरतो आणि तो मादीसारखा पिवळट होतो, पट्टा तेवढा मागं राहतो. यंदाच जन्मलेला पोरगाही असाच दिसतो, तेव्हा तो बाप की लेक हे मी इथनं सांगणार नाही. त्याचे फोटो दर आठवड्याला काढा. एकच शिंजीर पिवळ्याचा जांभळा होताना टिपला तर ती खरी कमाई. जांभळ्या पाठीचा शिंजीर मात्र असे कपडे बदलत नाही, तो वर्षभर एकाच पोशाखात.

आजींचं बरोबर आहे. कन्नडमध्ये दयाळाला मडिवाळच म्हणतात. काळ्यावर पांढरा शुभ्र पट्टा, आत्ताच परटाकडनं आल्यासारखा. आपण मराठीत नदीकाठच्या शेपूट आपटणाऱ्याला धोबी म्हणतो, कारण तो धुणं आपटल्यासारखं करतो. आमच्या शाळेत अर्धी पोरं मराठी घरातली, अर्धी कन्नड. यावरनं वर्गात भांडणं झालेली मी सोडवलीत.

एक विनंती. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवू नका. मी केलंय ते. एका मे महिन्यात दयाळाचं गाणं लावलं, तो आला, फोटो झकास मिळाला. खरं तो बिचारा अर्धा तास खांबाभोवती दुसरा नर शोधत फिरत होता, चोचीत पिल्लासाठी धरलेला किडा तसाच. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.


टिळकवाडी ६००

अक्का, पत्र्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पण गच्चीवरनंच काढतो, आमचा खाली स्लॅब आहे. दुपारचे फोटो का बिघडतात ते आत्ता कळलं.


मागवाला, वडगाव

अक्का, कुलपाचा प्रयोग केला. सातच्या दहा फोटोत कुलपावरचं कंपनीचं नाव वाचता येतंय. अकराच्या दहात दहा वेगळी कुलपं! पुतण्याला पाठवले तर तो हसतच सुटला.

परड्याच्या पूर्व टोकाला बसायची जागा म्हणजे ती न्हाणीच. नवीन बाथरूम झाल्यापासनं आत लाकडं आणि मोडके धोटे पडलेत. दार पश्चिमेला, म्हणजे नेमकं शेडकडं. लाकडं सरकवून आत पाट टाकला, दार वीतभर उघडं. आत अंधार, त्यामुळं मी त्यांना दिसतच नाही. पाटावर बसल्यामुळं कॅमेरा परातीच्या उंचीला येतो, हे मला आधी सुचलं नव्हतं. गच्चीवरनं सगळ्यांच्या डोक्याचेच फोटो मिळायचे. बायको म्हणते, पन्नाशीत माणसं काशीला जातात, तुम्ही न्हाणीत जाऊन बसताय.

पहिले दोन दिवस कावळ्यांनी परातीत शिळी भाकरी भिजवली, बाकी शून्य. तिसऱ्या दिवशी सातभाई आले, सात नव्हे नऊ, आणि सगळी परात घाण करून गेले. चौथ्या दिवशी बुलबुल, तोच शेंडी झडलेला. फांदीवर बसला, इकडं बघितलं, डोळ्यात ठिपका! हात थरथरला, फोटो हलला. दुसरा मिळाला.

अडचण मागच्या भिंतीची. शेडची भिंत चुन्याची, सकाळचं ऊन तिच्यावर पडून पांढरी फक पडते. पक्षी काळपट येतो. मग डोकं चालवलं. एक हिरवी साडी विणताना डाग पडून बाजूला राहिली होती, ती भिंतीवर टांगली. फांदीपासनं भिंत पंधरा फूट, त्यामुळं फोटोत साडी कळतच नाही, नुसता मऊ हिरवा रंग, पोटरीतल्या भाताचं शिवार मागं असल्यासारखा. पहिल्या दिवशी वाऱ्यानं फडफडली आणि एकही पक्षी आला नाही. खालच्या काठाला विटा बांधल्यावर आले. रंगाचं त्यांना काही नाही, हलणाऱ्याचं भ्या.


निपाणीचा रानभुला

साडी? हा तर स्टुडिओ झाला की राव. उद्या पक्ष्याला पावडर लावा.

चेष्टा करतोय, खरं थोडं मनातलं पण आहे. मला पक्षी जिथं राहतो ती जागा फोटोत पाहिजे. चुन्याची भिंत तर भिंत. वडगावचा बुलबुल चुन्याच्या भिंतीपुढंच राहतो, तो काही हिरव्या ढगात राहत नाही. भिंत ठेवून फोटो काढायचा असेल तर उजेड पक्ष्यावर नाही, भिंतीवर मोजला जातोय हे ध्यानात घ्या आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायचा आकडा, अधिक एक करा. दयाळ किंवा पांढरा धोबी उन्हात बसला आणि मागं सावली असली तर उलट, उणे दोन-तृतीयांश. नाहीतर पांढऱ्या पिसांचा नुसता चुना होतो आणि नंतर कॉम्प्युटरवर काही केल्या परत येत नाही.

आमच्याकडं ज्वारी पोटरीत आली की भोरड्या उतरतात, हजारानं. एकेकाचा फोटो काढायच्या नादाला लागू नका. संध्याकाळी बाभळीवर मुक्कामाला येताना सगळा थवा एका वळणावर पालटतो तेव्हा शटर १/६० ठेवून मुद्दाम हलू द्या. दहातला एक मिळतो. नऊ पुसायचे.

आणि थंडी पडली की एकदा धुपदाळच्या बंधाऱ्याला जाऊन या, घटप्रभेवर. कांडे करकोचे येतात. परडं सोडून थोडं बाहेर पण पडा.


खानापूरची अक्का

रानभुले, त्यांचं परडं त्यांना पुरू दे की. चार मागांचं घर सोडून माणूस धुपदाळला कधी जाणार?

साडीचं मला काही वावगं वाटत नाही. पक्ष्याला त्रास नाही ना, मग झालं. फक्त फोटो टाकताना मागं साडी आहे म्हणून लिहा.

या दिवसांत एक लक्षात ठेवा. नवरंग आता उत्तरेकडनं खाली येतात, रात्रीचे उडतात, थकून कुणाच्याही अंगणात पडतात, काचेला धडकतात. मागच्या वर्षी आमच्या ओसरीत एक मिळाला. रंग बघून पहिला हात कॅमेऱ्याकडं जातो, माझाही गेला होता. तसं करू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून ठेवा, खोकं अंधारात, मांजरापासनं लांब. पाणी चोचीत ओतू नका, दाणे भरवू नका. शुद्धीवर आला तर झाडीजवळ नेऊन सोडा, नाहीतर वनखात्याला कळवा. आमचा संध्याकाळी आपणच खोक्यात धडपडायला लागला. झाकण काढलं, गेला. फोटो नाही माझ्याकडं.


मागवाला, वडगाव

दिवाळी झाली, म्हणून आत्ता लिहायलोय. फटाक्यांच्या चार दिवसांत परड्यात चिटपाखरू नव्हतं, परात तशीच. पाडव्यानंतर हळूहळू आले.

पोरांनी परड्यात किल्ला केला होता. राजहंसगड करायचा म्हणून माती शिवारातनं आणली, वर हळीव आणि मोहरी पेरली. ती उगवायच्या आत निम्मी चिमण्यांनी आणि ठिपकेवाल्या मुनियांनी वेचली, पोरं रडायला लागली. मी मात्र न्हाणीत बसून फोटो काढत होतो, त्यावरनं घरात बोलणी खाल्ली ते वेगळं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं की खरा राजहंसगड दिसत नव्हता. साडी ओली होईल म्हणून काढून ठेवली होती. पावणेआठला धुकं फाटलं आणि करडा धोबी आला, आपला धोबी, आजींचा नव्हे. पहिल्यांदा पत्र्यावर दवातनं धावला. पोट पिवळं, शेपूट सारखी वरखाली. मग खाली उतरून किल्ल्याच्या बुरुजावर बसला. बाजूला प्लॅस्टिकचा भालदार, त्याच्याएवढाच. मागं चुन्याची भिंत. रानभुल्यांचं आठवून अधिक एक केलं. तीन फोटो मिळाले, चौथ्याला करंट गेला, माग थांबले आणि तो उडाला.

त्या तीनमधला मधला आजींना दाखवला. म्हटलं हा आमचा परीट. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या भालदार छान आलाय.

रानभुले, साडी आता अर्धा वेळ काढून ठेवतो. अर्धा वेळ ठेवतो.

पट्टेवाल्या शिंजिराचे पाच आठवड्यांचे फोटो झालेत. खांद्यापाशी एक जांभळा ठिपका दिसायला लागलाय असं मला वाटतं, बायकोला वाटत नाही. पुढच्या रविवारी सगळे एकाखाली एक लावून इथं टाकतो, तुम्हीच ठरवा.

जास्वंदीत आत कुणीतरी दिवसभर चक् चक् करतंय. पान हलतं, पक्षी दिसत नाही. पंधरा दिवसांत त्याचं एक पीसही कॅमेऱ्यात आलं नाही. कोण असेल?


खानापूरची अक्का

बोरू वटवट्या असणार, ब्लिथचा. लांबनं आलेला पाहुणा, आता उन्हाळ्यापर्यंत तुमच्याकडंच. रंग मातीचा, दिसला तरी वाटेल यासाठी एवढं केलं काय. सकाळी पहिलं ऊन जास्वंदीच्या शेंड्याला लागलं की दोन मिनिटं वर येतो. तेवढंच. जाळी हलवू नका.


मागवाला, वडगाव

तीन दिवस शेंड्यावर डोळा लावून बसलो. काल वर आला. मी तेव्हा बॅटरी बदलत होतो.

करंट आला, जातो.